हलणारी फळी आणि तिच्या खालचं पाणी



फायबरच्या होडीत मधल्या फळीवर बसलं की 'कर्र' असा आवाज येतो. फळी जरा हलते, स्क्रूचं डोकं जरा वर येतं. मग आपण काय करतो? पेचकस काढतो, दोन वेढे पिळतो आणि जाळं टाकायला निघतो. पुढच्या महिन्यात तोच स्क्रू पुन्हा सैल. मग थोडा जाड स्क्रू. तोही सैल झाला की भोकात काडी, कापड, नाहीतर दुकानातली पुट्टी. असं करत तीन-चार हंगाम निघतात.

आम्हीही हेच करत होतो. आज हे लिहायला बसलोय ते त्याचमुळे.

कारंजा धरणात आमच्यातली एक होडी गेल्या वैशाखात दुपारच्या वावटळीत सापडली. दोघंजण होडीत होते. लाट काठावरून आत आली आणि होडी पाण्यानं भरली. आता फायबरची होडी भरली तरी बुडत नाही, तिला धरून राहायचं, असं आपण पोरांना सांगतो. पण ही होडी मागच्या बाजूनं खाली खाली जायला लागली. नशीब एवढंच की काठ जवळ होता आणि पाणी छातीएवढं होतं. दोघं चालत बाहेर आले.

होडी ओढून काठावर आणली, उपडी केली, पाणी काढलं. तरीही जड. एरवी चौघं उचलायचे, आता सहा जणांना जड जायली. आमच्यातले एक वयस्कर मामा मधल्या फळीवर मूठ आपटून म्हणाले, "पोरांनो, पाणी होडीत न्हाई, होडीच्या पोटात हाय. ही फळी कामून हालायली ते आधी बघा."

फळी काढली. खालच्या बंद डब्याला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात भोक पाडलं. दहा लिटरच्या चार बादल्या भरल्या.

लाकूड तरंगतं, फायबर तरंगत नाही

आपल्या भागात आधी हरिगोल होता. बांबूच्या कामट्यांची गोल टोपली, तिला आधी कातडं, नंतर डांबर लावलेलं ताडपत्रीचं आवरण. तो फाटला, भरला, उलटला तरी बांबू पाण्यावर राहायचा. हाताला धरायला काहीतरी असायचं. नंतर फायबरचे हरिगोल आले, फायबरच्या होड्या आल्या. हलक्या, न कुजणाऱ्या, डांबर नको, दरवर्षी नवं आवरण नको. कारंजा, अमरजा, बेण्णेतोरा, भीमेवरचा सोन्न बंधारा, सगळीकडे आता याच दिसतात.

पण एक गोष्ट आपण विसरलो. काचेचे धागे आणि रेझिन मिळून जे फायबर बनतं, ते पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतं. रिकामी होडी तरंगते ती तिच्या आकारामुळे, आत हवा असते म्हणून. पाण्यानं भरली की नुसती फायबरची बॉडी दगडासारखी तळाला जाणार. ती जाऊ नये म्हणून पुढच्या टोकाला, मागच्या टोकाला आणि बसायच्या फळ्यांखाली बंद डबे केलेले असतात. त्यात हवा असते, नाहीतर फोम. आपला जीव त्या डब्यांवर असतो.

हिशोब करून बघा. होडीची बॉडी १५० किलोची धरू. पाण्यात पूर्ण बुडाल्यावर तिचं वजन सुमारे ५० किलो भरतं. होडीतल्या सगळ्या डब्यांची जागा मिळून १०० लिटर असेल, तर ते सुमारे १०० किलो वजन वर धरतात. म्हणजे बॉडीचे ५० किलो गेले, हाताशी ५० राहिले. होडीला धरून पाण्यात असलेल्या माणसाचं डोकं वर राहायला ७ ते १० किलोचा आधार पुरतो. दोन माणसं, वर छोटं इंजिन, सगळं कसंबसं बसतं.

आता त्या डब्यांत ४० लिटर पाणी शिरलेलं आहे. १०० चे ६० झाले. ५० बॉडीला गेले. उरले १० किलो. त्यात दोन माणसं, इंजिन आणि नांगर. होडी मागून खाली का गेली, याचं उत्तर एवढंच आहे. आणि ते ४० लिटर पाणी एका दिवसात आलं नव्हतं. त्या सैल स्क्रूच्या भोकांतून थेंब थेंब करत तीन हंगाम येत होतं.

स्क्रू सैल का होतो

लाकडात स्क्रूचे आटे रुततात, कारण लाकूड जाड असतं आणि दाबून धरतं. होडीच्या आतली फायबरची भिंत बहुतेक ठिकाणी ४-५ मिलिमीटरची. तिच्यात स्क्रूचे दोन-तीनच आटे बसतात. ते बसताना काचेचे धागे कापतात. वर आपण बसतो, उठतो, जाळं ओढताना पाय रोवतो, इंजिनाचा थरथराट असतो. कापलेल्या धाग्यांचा भुगा होतो, भोक मोठं होतं. जाड स्क्रू घातला की आणखी धागे कापले जातात. म्हणजे आपण दुरुस्ती समजून करतो ती मोडतोड असते.

दुसरं कारण फळीत. फळी साध्या प्लायवूडची असेल आणि तिच्या कडा, भोकं उघडी असतील तर पाणी तिथूनच आत जातं. पावसाळ्यात फळी फुगते, आणि आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हात काळ्या मातीवर होडी पडून राहिली की वाळून वाकते. दर वर्षी ती स्क्रूला एकदा वर ढकलते, एकदा खाली ओढते. त्यात स्क्रू साध्या लोखंडाचा असला तर गंजून फुगतो आणि भोवतालचं लाकूड काळं पडून मऊ होतं.

तिसरं कारण म्हणजे होडीची बॉडी थोडी वाकते. ती वाकायलाच हवी. पण आत बसवलेली फळी किंवा भिंत ताठ असते. या दोघांचा जोड नुसत्या चार स्क्रूंवर असेल, तर सगळा ताण त्या चार ठिपक्यांवर येतो.

शिडाच्या होडीवाले काय करतात

हा तिसरा मुद्दा समजून घ्यायचा तर शिडाच्या होडीकडे बघावं लागतं, कारण तिथं ताण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. डोलकाठी खाली दाबते, तिच्या दोऱ्या दोन्ही काठ वर ओढतात, वारा एका अंगाला झुकवतो. अख्खी बॉडी पिळली जाते.

आपल्या कर्नाटकातच, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम पावून गोव्यात जाणारी म्हादेई नदी आहे. तिच्याच नावाची 'म्हादेई' ही शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. ५६ फूट लांब, लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर फायबरचे थर. नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबत पृथ्वीची फेरी मारून १९ मे २०१० ला मुंबईत परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्यानं अशी फेरी करणारे ते पहिले भारतीय.

नऊ महिने समुद्राचा मार खाणारी नौका चार स्क्रूंवर उभी राहत नाही. अशा नौकांमध्ये आतली आडवी भिंत बॉडीला काचेच्या मॅटच्या पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटवून घेतात. ताण ठिपक्यावर न येता अख्ख्या रेषेवर पसरतो. आणखी एक बारकावा असा की चांगला कारागीर भिंतीची कड बॉडीला थेट टेकवत नाही. मध्ये फोमची पातळ पट्टी ठेवतो, कोपरा पुट्टीनं गोल करतो आणि त्यावर मॅट चढवतो. कड थेट टेकली तर बॉडी वाकताना नेमकी त्याच रेषेवर चीर जाते. आपल्या होडीत बाहेरून फळीच्या बरोबर समोर बारीक चिरा दिसत असतील, तर कारण हेच असू शकतं.

होडी लहान असो की मोठी, नियम एकच.

आधी तपासा

होडी काठावर, सावलीत घ्या. फळी दोन्ही हातांनी धरून हलवा. फळी आणि स्क्रू दोन्ही हलत असतील तर भोक गेलं. फळी हलते पण स्क्रू घट्ट असेल तर फळी कुजली. फळीसोबत खालचा डबाही हलत असेल तर डब्याचा बॉडीशी जोड सुटलाय, आणि हे सगळ्यात वाईट.

मग पेचकसाच्या मुठीनं डब्यावर सगळीकडे ठोका. चांगल्या जोडावर 'टक टक' असा कोरडा आवाज येतो. जिथं 'भद भद' येतो तिथं जोड सुटलाय किंवा आत पाणी आहे. खडूनं खूण करा. शंका असेल तर डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी ६ मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी आलं तर येऊ द्या, थांबवू नका.

पाणी निथळलं म्हणजे डबा वाळला असं नाही. वरच्या बाजूलाही एक भोक पाडून हवा खेळू द्या, आठवडाभर तरी. वाळला की नाही हे बघायचं तर जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. ओल्यावर लावलेलं रेझिन सुटणारच.

आत काय भरलंय तेही बघून घ्या. पांढरा थर्माकोल असेल तर त्यावर पॉलिस्टर रेझिन लावू नका. रेझिन थर्माकोलला विरघळवतं, आत पोकळी होते. शिवाय थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी मुरतं. तो काढून टाका आणि पिवळसर, बंद छिद्रांचा पीयू फोम भरा.

दुरुस्ती अशी करा

१. जुने स्क्रू सगळे काढा. जुनं भोक पुन्हा वापरायचं नाही. ते ड्रिलनं थोडं मोठं करून भुगा काढा आणि इपॉक्सीत काचेची पूड मिसळून पूर्ण भरा.

२. जिथं नवा जोड लावायचा तिथं दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटरपर्यंत घासा. ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. त्यानंतर ॲसिटोननं पुसा आणि मग हात लावू नका. आपल्या हाताला माशाचं तेल असतं, त्यावर काहीच चिकटत नाही.

३. डबा आणि बॉडीच्या कोपऱ्यात पुट्टी भरून चमच्याच्या पाठीनं गोल करा. काटकोनात मॅट बसत नाही, मागे हवा राहते.

४. त्यावर मॅटच्या तीन पट्ट्या द्या. पहिली १० सेंटीमीटर रुंद, दुसरी १५, तिसरी २०. ४५० ग्रॅमची मॅट असेल तर एक चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन लागतं. ब्रश ओढू नका, टोचत टोचत दाबा. मॅट पारदर्शक झाली पाहिजे. पांढरं दिसतंय तिथं हवा आहे, ती काढा.

५. नवी फळी घ्यायची तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. कापून, भोकं पाडून झाल्यावर चारी कडा आणि भोकांच्या आतूनसुद्धा इपॉक्सीचे दोन हात द्या. फळी कुजते ती कडेनं.

६. आता मुख्य गोष्ट. हवेच्या डब्याला भोक पाडायचं नाही. फळी डब्यात स्क्रूनं बसवू नका. डब्याच्या बाहेरच्या बाजूला फायबरची पट्टी चिकटवून तिला कान काढा आणि त्या कानात फळी आरपार नट-बोल्टनं बसवा. खाली रुंद वॉशर द्या. बोल्ट स्टेनलेसचा घ्या. गोड्या पाण्यात ३०४ चालतो, समुद्रात ३१६ लागतो. डोक्याखाली सीलंट लावा. बोल्ट जीव खाऊन आवळू नका, फायबर चिरडतं.

७. तपासणीसाठी पाडलेल्या खालच्या भोकाला आट्याचं झाकण बसवा. वरचं भोक भरून टाका. हंगाम संपला की झाकण उघडायचं. एक थेंब आला तरी कळतं.

दुरुस्ती वाळल्यावर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि झाकणाच्या भोकातून सायकलच्या पंपानं हळूच हवा द्या. जिथं बुडबुडे येतील तिथं अजून गळती आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चुकूनही देऊ नका, डबा फुटेल.

आपलं ऊन आणि रेझिन

रेझिनच्या डब्यावर लिहिलेली वेळ २५ अंशांची असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ती निम्म्यावर येते. आमच्या पहिल्या प्रयत्नात अर्धा किलो रेझिन मगमध्येच धूर काढून दगड झालं. म्हणून काम पहाटे करायचं, सावलीत. एका वेळी २५० ग्रॅमच रेझिन घ्यायचं. थंड दिवसात हार्डनर दीड ते दोन टक्के, कडक उन्हाळ्यात एक टक्का. म्हणजे २५० ग्रॅमला अडीच मिलिलिटर. सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, अंदाजानं ओतू नका. एक टक्क्याच्या खालीही जाऊ नका, रेझिन कच्चं राहतं.

आणि हे नीट वाचा. पॉलिस्टरच्या हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा लावा. गेलाच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि थेट दवाखान्यात जा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दुकानदाराला विचारा, बरेचदा रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं. काम चालू असताना बिडी नाही. घासताना तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

शेवटची परीक्षा पाण्यात

त्या होडीची दुरुस्ती झाल्यावर आम्ही ती काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात नेली आणि मुद्दाम बादल्यांनी काठोकाठ भरली. लाइफ जॅकेट घालून दोघं तिला लोंबकळले. होडी पाण्याच्या बरोबरीला आली, थोडी डुलली आणि तिथंच राहिली. मागचं टोक खाली गेलं नाही. मामा काठावर उभे होते. म्हणाले, "आता पोरं धाडा."

वैशाखात पाण्यातून चालत आलेल्या दोघांपैकी एकानं विचारलं, "अन् बाकीच्या होड्या?"

त्या दिवशी आम्ही बाकीच्या होड्याही ठोकून बघितल्या. आणखी दोन होड्यांत पाणी निघालं. दोन्हींच्या फळ्या हलत होत्या आणि दोन्हींच्या मालकांनी त्याच महिन्यात स्क्रू पिळलेले होते.

आता आमच्याकडे एक वही आहे. प्रत्येक होडीला एक पान. होडी उचलायला किती माणसं लागली, कुठली फळी हलते, झाकण उघडल्यावर किती पाणी आलं, हे वर्षातून दोनदा लिहितो. एकदा उन्हाळ्यात धरण उतरल्यावर, एकदा पाऊस संपल्यावर. रेझिन आणि मॅट सगळ्यांनी मिळून आणतो. उघडलेलं रेझिन फार दिवस टिकत नाही, आणि एका होडीसाठी अख्खा डबा घेणं कुणालाच परवडत नाही.

कारंजा असो, अमरजा असो की भीमा, उद्या सकाळी होडीत पाय ठेवण्याआधी मधली फळी एकदा धरून हलवा. हलली तर पेचकस खिशातच राहू द्या. आधी खाली ठोकून बघा, आत काय आहे ते.